भरला तांब्या

पैज लागली नळावर, आणि लागली तीही असल्या गोष्टीवरून की शेंबड्या पोरालाही हसू यावं. शालन एक अख्खी सकाळ एकही विनोद न करता काढू शकते की नाही? नळाला पाणी आलेलं. म्हणजे सख्खी बहीण मधे घुसली तरी बाई तिचा हंडा लाथेने उडवेल अशी वेळ. तरी बायकांनी कमरेवरच्या कळशा उतरवल्या आणि ऐकत उभ्या राहिल्या. कारण शालन म्हणजे शालन. मागच्या शिमग्याला तिने बाबुरावला पटवलेलं की त्याच्या मिशा बघून टीव्हीवाले त्याला न्यायला येतायत, आणि तो बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून उल्हासनगरच्या रिक्षा स्टँडवर ऊन डोक्यावर येईपर्यंत उभा. ट्रान्झिट कॅम्पातल्या दोन्ही लायनी, इकडची बौद्धांची आणि तिकडची कोळ्यांची, त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र हसलेल्या. तोपर्यंत कळव्याच्या खाडीवरून उचलून विठ्ठलवाडीच्या रुळांपलीकडे ह्या पत्र्यांखाली आणून टाकलेली ही माणसं एकमेकांकडे बघायची ती फक्त कोणाचा हंडा कोणाच्या पुढे आहे ते बघायला.

"तुझ्या तोंडाला कुलूप लागनार नाय गो," चंद्रभागाबाय म्हणाली. ती कोळ्यांच्या लायनीतली म्होरकी. सुकट विकायची. तिने मान हलवली की तिकडची सगळी लाइन मान हलवायची. "ते टेपवालं काम तुझं नाय. लोकांची दुखनी इचारायला जातेस आनि हसवून येतेस."

"लाव पैज," शालन म्हणाली. जीभ आधी आणि डोकं मागून, ही तिची जुनी खोड.

"लावली. आज दुपारचा भोंगा होईपर्यंत तुमची लाइन पुरी कर. कोनाला हसवलं नायस, तर माझं दार उघडं. मी बोलीन तुमच्या त्या मशिनीत, आनि माझ्या मागून आमची सगली लाइन बोलंल."

भरलेला हंडा कोणी उचलेना. नळ तेवढा वाहत होता. कारण हेच तर अडलेलं. दोन महिने शालन आणि मीराबाई टेपरेकॉर्डर घेऊन दारोदार फिरत होत्या, आणि कोळ्यांच्या लायनीतलं एकही दार उघडत नव्हतं. चंद्रभागाबाय पहिल्याच दिवशी "आमाला नाय बोलायचं" म्हणालेली, झालं, सगळ्यांनाच नाय बोलायचं. का, ते कोणाला माहीत नाही.

"आणि हरली तर?" मागून कोणीतरी ओरडलं. मग काय, सूचनांचा पाऊस. बाबुरावच्या टकलाला तेल लावायचं. कोंबडा होऊन कॅम्पाला फेरी मारायची. टाकीवर चढून नाचायचं. शालन प्रत्येक सूचनेला कमरेत लवून मुजरा करत होती. चंद्रभागाबायने हात वर केला.

"हरली तर माझ्या दारान उभी राहून तांब्याभर पानी प्यायचं. सगल्यांसमोर. शेवटच्या थेंबापर्यंत."

"हात्तिच्या!" बायका फिसकन हसल्या. "ही काय शिक्षा झाली?" शालनपण हसली, सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसली. पण हंडा उचलताना तिला कळलं की हात ओले आहेत आणि ते नळाच्या पाण्याने नाही.

तांब्याभर. चंद्रभागाबायच्या घरचा तांब्या म्हणजे पितळेचा, पोटाळा, चिंचेने घासून घासून सोन्यासारखा झालेला. बुलडोझर आला त्या दिवशी लोकांनी गाद्या उचलल्या, देव उचलले, फोटो उचलले. ह्या बाईने जाळी सोडली आणि तो तांब्या उचलला. खोलीवर येऊन शालनने हंडा ठेवला, त्यावर ताट झाकलं, आणि त्या हंड्याकडे बघत बसली. तोंडाला कोरड होती. तोंडाला नेहमीच कोरड असायची हल्ली, जीभ टाळूला चिकटून पावाच्या तुकड्यासारखी. तिने पदराचं टोक पाण्यात बुडवलं, ओठांना लावलं, बस. एवढंच. नवरा, भगवान, रात्रपाळीहून येऊन भिंतीकडे तोंड करून झोपलेला. तो झोपेत म्हणाला, "कोणाशी पैज लावलीस?" म्हणजे बातमी पोचली होती. पत्र्याच्या भिंती. इथे पोट गुरगुरलं तरी शेजारी विचारतात काय शिजवलं. "लावली रे कोणाशी तरी," ती म्हणाली. आपल्या बायकोला डॉक्टरने पाणी प्यायला सांगितलंय हे त्याला माहीत होतं. कळशीने प्या, बाई, नाहीतर ही जळजळ मूत्रपिंडात चढेल, असं डॉक्टर म्हणालेला, आणि शालनने त्याला विचारलेलं, कळशी तुमची की माझी? डॉक्टर हसला. भगवान हसला. औषधाची चिठ्ठी घेऊन सगळे हसत हसत घरी आले. असं असतं बघा, माणूस हसला की त्याला वाटतं प्रश्न सुटला.

मीराबाई दारात आली. टेपरेकॉर्डर ती पोरासारखा कडेवर धरायची, पदराखाली. विधवा बाई, सातवी शिकलेली, चेहरा कायम शाळेतल्या हेडबाईसारखा. "चल. आज एक जरी विनोद केलास तर मी मशीन बंद करणार नाही. जे होईल ते टेपवर राहील."

"तू माझ्या बाजूची का तिच्या?"

"मी टेपच्या बाजूची."

हे काम नौपाड्यातल्या संस्थेचं. म्हणजे पैसे त्यांचे, मशीन त्यांची, पण काम ह्यांचं. गुप्तेबाई म्हणून एक बाई तिथे होत्या, दवाखान्याच्या वर लाकडी जिना चढून त्यांचं ऑफिस. खाडीवरून उठवलेल्या माणसांचं काय झालं ते पुस्तकात छापून येतं, त्या म्हणाल्या, पण त्यात घर म्हणजे पुरुष. त्याचा धंदा, त्याची मजुरी, त्याचं रेशनकार्ड. बाईचं काय गेलं ते बाईलाच ठाऊक, तेव्हा बाईनेच विचारावं, बाईनेच ठरवावं काय विचारायचं. मग ह्या सगळ्या तिथे सतरंजीवर बसून प्रश्न ठरवत होत्या, चहा होत होते, शालन नकला करत होती. धुणीभांडी सुटली का. पोरीची शाळा सुटली का. मार वाढला का. माहेरचं कोणी येतं का. गुप्तेबाई शेवटी म्हणालेल्या, "बघा हं, तुम्ही जे विचारायचं विसराल ते मला कधीच कळणार नाही." शालनला ते वाक्य आवडलं नव्हतं. का कोण जाणे. जिना उतरताना ते पायात आल्यासारखं झालेलं. आणि आता सुनावणी जवळ आलेली. कॅम्प इथेच कायमचा ठेवायचा की दुसरी जागा, सोयी काय द्यायच्या, ते साहेब लोक ठरवणार, आणि त्यांच्यासमोर बायका स्वतः उभ्या राहून बोलणार. पण अर्ध्या कॅम्पाचं बोलणं घेऊन गेलं तर साहेब काय म्हणणार ते शालनला आत्ताच ऐकू येत होतं: म्हणजे उरलेल्या अर्ध्या सुखात आहेत तर.

पहिलं घर बाबुरावचं. बाबुरावची बायको तांब्या-भांडं घेऊन आली, शालनने भांडं ओठाला टेकवलं, गिळल्यासारखा गळा हलवला आणि खाली ठेवलं. ह्यात ती आता इतकी तरबेज झालेली की नाटकात घेतली असती. मीराबाईने बटण दाबलं. "इथे आल्यापासून तुमचं काय गेलं?" शालनने बाबुरावच्या बायकोला विचारलं, आणि बाबुराव म्हणाला, "मान गेला." कुठे ठेवलेला, हे शालनच्या जिभेवर आलं, दातापर्यंत आलं, तिने दात मिटले. "तिला विचारलं, भाऊ," मीराबाई म्हणाली. "तेच सांगतोय, तिचा मान गेला. मी ओळखतो ना तिला." बाबुरावने मिशीवर हात फिरवला. ती मिशी. शालनने डोळे मिटून खाडी आठवली, चिखल आठवला, मेलेला बैल आठवला. बाबुरावची बायको जमिनीकडे बघत होती. तिचे ओठ फुटलेले होते, मधोमध, रक्ताची बारीक रेघ. थंडी तर नव्हती. शालन त्या रेघेकडे बघत राहिली आणि तिला वाटलं आपण आरशात बघतोय, आणि असं वाटताच तिने नजर काढून घेतली.

घरामागून घर. प्रत्येक घरात पाणी पुढे यायचं, आणि ही ते ओठाला टेकवून ठेवायची, आणि मीराबाईही. आता विनोद नाही, तर डोकं रिकामं, आणि रिकाम्या डोक्यात काय काय दिसायला लागतं. विनोद करताना माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघतो, हसतंय की नाही, बाकी काही बघत नाही. आज ती बाकीचं बघत होती. कोपऱ्यातले माठ काठोकाठ भरलेले. सकाळी मारामाऱ्या करून आणलेलं पाणी, आणि माठावरचं भांडं पालथं, कोरडं. एकीने ओटीपोटाला हात धरलेला. एकीने "बसते हं" म्हणून बसायला घेतलं ते किती सावकाश. हे काय आहे? काही नाही. ह्या वयात होतं बायकांना. पण ती तर कालची पोर. शालनला वाटलं ही सगळी घरं आपल्याला काहीतरी सांगतायत आणि आपण मधे काहीतरी बडबडून त्यांना गप्प बसवत आलो आहोत, दोन महिने.

विहीर आठवली. का आठवली? पाणी म्हटलं म्हणून. खाडीकाठी कोळ्यांची विहीर होती आणि तिच्या पायऱ्यांच्या खाली बौद्धांच्या बायका कळशा घेऊन उभ्या राहायच्या, कोणीतरी वरून ओतेल म्हणून. शालन नवी नवरी. सासू म्हणाली, हात लावू नको, नुसती कळशी धर. वर चंद्रभागाबायची सासू, आणि रहाट ओढायला तीपण नवी नवरीच, चंद्रभागा, हातात हिरवा चुडा. सासूने ओतलं ते अर्धं कळशीत, अर्धं शालनच्या पायावर. मुद्दाम की चुकून, ते त्या म्हातारीलाच ठाऊक. सगळ्या बघत होत्या. आणि शालन म्हणालेली, "बरं झालं आई, माझ्या पायांनापण तहान लागलेली." वरच्या बायका हसल्या, खालच्या हसल्या, म्हातारीपण हसली. चंद्रभागा नाही हसली. ती रहाट धरून शालनच्या ओल्या पायांकडे बघत होती. पुढे नळ आले, विहिरीत कचरा पडला, मग बुलडोझरने ती बुजवलीपण. पण ते बघणं शालनच्या पायांवर अजून होतं, ओलं.

आणि आता त्याच चंद्रभागाबायने इथे आल्यावर स्वतःहून बोलावलेलं, ये गो, बस, पानी पी. पहिल्यांदा शालन म्हणाली, आत्ताच पिऊन आले. दुसऱ्यांदा म्हणाली, उचकी लागलीये, पाणी प्यायलं की वाढते. तिसऱ्यांदा काही सुचेना तर म्हणाली, उपास आहे. "तुमच्यान उपास कंचा?" चंद्रभागाबायने विचारलेलं, एवढंच, आणि तांब्या आत नेलेला. आत भांड्याचा आवाज झालेला. जरा जास्तच मोठा. तो आवाज शालनला आज, आत्ता, दोन घरांच्या मधल्या गटारावरून उडी मारताना ऐकू आला, आणि ती गटारात पाय ठेवून उभीच राहिली.

"काय झालं?" मीराबाई म्हणाली.

"तिला वाटतंय मी तिच्या घरचं पाणी पीत नाही."

"मग नाहीच पीत."

"अगं, तसं नव्हे. तिला वाटतंय मी उट्टं काढतेय. विहिरीचं."

मीराबाईने तिच्याकडे बघितलं, त्या हेडबाईच्या नजरेने. "मग सांग ना तिला खरं कारण काय ते."

शालनने पाय गटारातून काढला. मीराबाईने खरं कारण काय असं विचारलं नाही. ते का विचारलं नाही, ह्याचा विचार शालनने केला नाही. आत्ता नको.

खरं कारण. कॅम्पाच्या टोकाला संडासची एक ओळ बांधलेली, कडीकोयंड्यासकट. दारं महिन्याभरात गेली, चुलीत गेली की भंगारात गेली. समोर अर्धी भिंत, आणि भिंतीवर सकाळपासून कोण ना कोण बसलेलं, पत्ते, बिड्या, टगी पोरं. खाडीवर तिवरांची दाट झाडी होती. तिवरांत बायकांची वाट वेगळी, भरती-ओहोटी बघून जायचं, निवटीचे मासे चिखलात उड्या मारायचे, कोणी कोणाला दिसायचं नाही. पाणीच राखण करायचं. इथे रुळांच्या कडेला बाभळीची चार झुडपं. म्हणून उजाडायच्या आधी सगळ्यांनी मिळून जायचं, आणि शालन पुढे. शालन आहे म्हणजे भीती नाही. ती गोष्टी सांगायची, भुताच्या, बाबुरावच्या, सासवांच्या, आणि बायका अंधारात तोंडावर पदर दाबून हसायच्या. एका पहाटे ती अशीच बाबुराव आणि टीव्हीवाल्यांची गोष्ट सांगत होती, बसल्या बसल्या, सगळ्या बसलेल्या, आणि गोष्ट संपली, आणि बायका हसायच्या आधी झुडपांमागून पुरुष हसले. दोन-तीन. बरोब्बर जिथे हसायचं तिथे. म्हणजे ते पहिल्यापासून ऐकत होते. मग बॅटरीचा उजेड आला, सावकाश, एकेकीवर फिरत, आणि शालनवर येऊन थांबला, आणि एक आवाज म्हणाला, "आणखी सांग ना, मावशी." बस. एवढंच. कोणी अंगाला हात लावला नाही. सांगण्यासारखं काहीच झालं नाही. त्यावर काय सांगणार, कोणाला सांगणार? परत येताना शालनने एक विनोद करून बघितला, तो तिच्या तोंडातून निघाला आणि पायाजवळ पडला. त्यानंतर तिने पाणी कमी केलं. आधी संध्याकाळचं, मग दुपारचं, मग जवळजवळ सगळंच. पाणी नाही तर जावं लागत नाही. साधा हिशोब. आणि ज्या बाईच्या भरवशावर बाकीच्या अंधारात निघतात तिने सांगायचं मला भीती वाटते? मग त्या कोणाच्या मागून जाणार?

शेवटचं घर आवडाबाईचं. म्हणजे लाइन पुरी. दुपारचा भोंगा अजून झाला नव्हता. शालन पैज जिंकल्यात जमा होती, आणि जिंकली की चंद्रभागाबाय बोलणार, तिकडची लाइन बोलणार, तांब्या प्यायला लागणार नाही, सगळं नीट. मग ती उंबऱ्याशी रेंगाळतेय कशाला? आवडाबाई बाजारात गेलेली. घरात तिची नवी सून, मालू, शालनच्या पोरीपेक्षा लहान दिसणारी, नाकापर्यंत पदर. तिने पाणी आणलं. मीराबाईने बटण दाबलं.

"इथे आल्यापासून तुझं काय गेलं, बाळ?"

"काय नाय."

"काही त्रास?"

"नाय. समदं बरं हाय."

"पाणी भरायला कोण जातं? झोप लागते का? माहेरी जाऊन आलीस?"

"समदं बरं हाय." प्रत्येक वेळेला तेच, पाढ्यासारखं, आणि प्रत्येक वेळेला पदर आणखी खाली. टेपची चाकं फिरत होती. शालनला त्या पदराआडचा श्वास ऐकू येत होता. पोरगी रडत होती किंवा रडू नये म्हणून काहीतरी चावत होती. उठावं. लाइन पुरी झाली. समदं बरं हाय, टेपवर आलं, संपलं. सुनावणीला साहेबांना ऐकवू, हे घ्या, बरं आहे. शालनने भोंग्याची वाट बघितली. भोंगा होत नव्हता. मालूने डाव्या हाताने ओटीपोट दाबलं, पटकन, आणि हात काढून घेतला.

शालन मीराबाईकडे वळली. "मीराबाई, मशीन आवर. सगळ्या कॅम्पात एक सुखी बाई शोधत होतो ती ही बघ सापडली. हिला आता इथे नाही ठेवायची. नौपाड्याला नेऊ, गुप्तेबाईंच्या काचेच्या कपाटात बसवू. रविवारी ठाण्याची माणसं पोराबाळांना घेऊन येतील बघायला. हात लावू नका म्हणून पाटी लावू. आवडाबाईला तिकिटावर बसवू, एरवी तरी दारात बसून काय करते?"

पदराआडून आधी नाकातून एक आवाज आला, मांजराच्या शिंकेसारखा. मग मालू हसायला लागली. पदर मागे गेला. कोवळं तोंड, फुटलेले ओठ. हसता हसता ती रडायला लागली आणि रडता रडता बोलायला. "मी पाणी पीत नाय, मावशी. सकाळच्याला जाऊन आले का दुसऱ्या सकाळपर्यंत पीतच नाय. सासू म्हणती माठ भरलेला दिसतो तुझा, पितीस का नाय. काय सांगू तिला? त्या भिंतीवरचे हाक मारत्यात. नावानं मारत्यात. माझं नाव कुठून कळलं त्यांना? आता आत आग होती, मावशी, उभं राहावत नाय. मला वाटलं माझंच काय तरी वंगाळ झालंय."

दूर कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा झाला. आता झाला.

मीराबाईने टेप बंद केला नाही. तिने बटणावरचा हात उचलून शालनच्या हातावर ठेवला. "हरलीस," ती म्हणाली. आणि मग, जमिनीकडे बघत, "मीपण नाही पीत. त्या पहाटेपासून. मी तुझ्या शेजारीच बसलेले ना."

चंद्रभागाबायच्या दाराशी जत्रा भरलेली. टाकीखाली बाबुराव आणि मंडळी पत्ते घेऊन बसलेली, तीपण माना वर करून. बातमी ह्यांच्या आधी पोचली होती. काचेचं कपाटपण पोचलं होतं, बायका एकमेकींना सांगून हसत होत्या. चंद्रभागाबाय आतून आली. दोन्ही हातांत तांब्या, काठोकाठ, चालताना एक थेंब सांडला नाही. तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

शालनने तांब्या घेतला. जड. गार. पाण्यात आकाश हलत होतं. तिने मान मागे केली, तांब्या वर धरला, वरून धार सोडायला, जसं दुसऱ्याच्या घरी पितात, जसं तिला लहानपणापासून शिकवलेलं, भांड्याला ओठ लागता कामा नये.

"तशी नाय," चंद्रभागाबाय म्हणाली. "तोंड लावून पी."

टाकीखाली पत्ते थांबले. कोळ्यांच्या लायनीतल्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शालनने तांब्या खाली घेतला. दोघी समोरासमोर, मधे तो तांब्या, आणि चंद्रभागाबाय तिच्या तोंडाकडे बघत नव्हती. तिच्या पायांकडे बघत होती.

"बाय," शालन हळू म्हणाली, "तुझ्या पाण्याचा काही दोष नाही गं. मी कोणाच्याच घरी पीत नाही. माझ्यापण नाही. प्यायलं की जायला लागतं. जायची मला भीती वाटते."

हे तिने हळूच म्हटलेलं. पण ते टाकीपर्यंत गेलं. कोणी हसलं नाही. शालनने सवयीने वाट बघितली, हसतायत का, आणि कोणी हसलं नाही, आणि तिला वाटलं आपण बॅटरीच्या उजेडात उभ्या आहोत, पण दिवसाच्या. चंद्रभागाबायने वर बघितलं. तिचे ओठ. इतके दिवस समोर होते ते, काळपट, सोललेले. "मला वाटलं," ती म्हणाली, आणि पदर ओठांवर ओढला. मग म्हणाली, "मी तं जेवतानी पन नाय पीत गो. सुकट खाते आनि तशीच बसते."

"मीराबाई," शालन म्हणाली, "चालू आहे का ते?"

"चालूच आहे."

शालनने तांब्या तोंडाला लावला. पितळेची चव, चिंचेची, आणि मग पाणी. पहिला घोट गळ्यातच अडला, गळा विसरलेला. दुसरा गेला. छातीतून एक गार रेघ खाली खाली उतरत गेली, आणि जसजशी ती उतरली तसतशी ती जुनी भीती खालून वर चढायला लागली, आणि दोघींची मधे कुठेतरी गाठ पडली. अर्धा तांब्या झाला. ती थांबली. दम घेतला. हनुवटीवरून पाणी गळत होतं, पायांवर पडत होतं. ती टाकीकडे वळली.

"बाबुराव! पत्ते उचला आणि त्या भिंतीकडच्या तुमच्या यारदोस्तांना निरोप द्या. आम्ही संडासला येतोय. उजाडायच्या आधी नाही, आत्ता, उन्हात, दोन्ही लायनी मिळून. भिंतीवर जो बसलेला दिसेल त्याची मीराबाई मुलाखत घेईल, त्याच्या आईचं नाव विचारून सुरुवात करेल, आणि ती टेप सुनावणीला साहेबांसमोर वाजेल."

आता हसल्या. मालू सगळ्यात आधी. हसत हसत बायका आपापल्या दारांत शिरल्या आणि तांबे, लोटे, भांडी, जे हाताला येईल ते घेऊन बाहेर आल्या. बाबुराव मिशी धरून उभा राहिला. कोणत्या दिशेला जायचं ते त्याला कळेना, पण पत्ते त्याने उचलले.

"तेवढा राहिला हाय," चंद्रभागाबाय म्हणाली. "पैज ती पैज."

शालनने तांब्या परत तोंडाला लावला. चंद्रभागाबायने एक हात तिच्या पाठीवर ठेवला, दुसऱ्याने तांब्याचं बूड धरून हळूहळू वर उचलत गेली, लहान पोराला पाजतात तशी, शेवटच्या थेंबापर्यंत.